चाल शेजाऱ्याची, आख्यान आपलं

जॉन झॉर्न या न्यूयॉर्कच्या सॅक्सोफोनवादकाने १९९२ साली म्युनिकमध्ये नव्या ज्यू संगीताचा महोत्सव भरवला, पुढच्या वर्षी ‘मसादा’ हा चौघांचा जॅझ संच उभा केला आणि १९९५ मध्ये ‘त्झादिक’ ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. त्याच शहरातले ‘क्लेझ्मॅटिक्स’ १९८६ पासून पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नांतली वाजंत्री रॉकच्या आणि जॅझच्या अंगाने वाजवत आले आहेत. इस्रायलमध्ये इदान राइखेलने इथिओपियातून आलेल्या ज्यूंची गाणी आधुनिक वाद्यमेळात आणली. शाय बेन त्सूर तर राजस्थानी कव्वालांसोबत हिब्रू शब्द गातो. २०१५ चा त्याचा ‘जुनून’ हा संग्रह जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ध्वनिमुद्रित झाला. या सगळ्याबद्दल लिहिताना एक समजूत गृहीत धरली जाते. जुनं ज्यू संगीत शुद्ध होतं, देवळातलं होतं, एकाच वळणाचं होतं. मिश्रण आलं ते आपल्या काळात, विमानप्रवास आणि ध्वनिमुद्रणामुळे. ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही. ज्यू संगीत घडतं तेच शेजाऱ्याच्या चालीतून. प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणतं मिश्रण मुरतं आणि कोणतं वरवरचं राहतं. त्याचं उत्तर शोधायला आपल्या रायगड जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल, कारण इथल्या बेने इस्रायल समाजाने हा प्रयोग एकोणिसाव्या शतकातच मराठीत करून ठेवला आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असं बेने इस्रायल मानतात. तेल गाळणं हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. केहीम, चेऊल, पेण, दिवे, अष्टमी अशा गावांवरून त्यांची आडनावं पडली. वस्ती मुख्यतः समुद्र आणि खाड्यांच्या काठाने होती. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, पेणचं १८६३ चं. महाड आणि पोलादपूर या पट्ट्याच्या आतल्या कडेला येतात, सावित्रीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथे ज्यू देऊळ शोधायला जाण्यात अर्थ नाही. पण बेने इस्रायलांनी ज्या साच्यात आपलं संगीत ओतलं, तो साचा ओळखायला महाड-पोलादपूरच्या माणसाइतका जवळचा साक्षीदार नाही. समर्थांनी दासबोध सांगितला असं परंपरा मानते ती शिवथरघळ महाड तालुक्यात आहे; ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. सप्ताह, हरिपाठ, काल्याचं कीर्तन, गावोगावची भजनी मंडळं आणि लग्नात वाजणारा खालू बाजा यांवर इथल्या माणसाचा कान तयार होतो. या कानाला बेने इस्रायलांचं कीर्तन ऐकवलं, तर चाल ओळखीची निघेल आणि कथा मात्र अनोळखी.

ही कथा त्यांच्यासाठीही काही काळ अर्धीमुर्धीच होती. कित्येक शतकं बेने इस्रायलांकडे ‘शेमा’ ही श्रद्धेची मूळ प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा, आहाराचे नियम आणि काही सण एवढंच टिकून होतं. ग्रंथ नव्हते, हिब्रू येत नव्हतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना आणि विधी शिकवले, आणि दुसऱ्या बाजूने ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायबलचा जुना करार मराठीत आणला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. धर्मांतराच्या आशेने दिलेली ही साधनं बेने इस्रायलांनी घेतली आणि स्वतःचा धर्म घट्ट करायला वापरली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह निघाली, आणि १८७४ च्या पुण्याच्या हगादेत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी लुगड्यात चितारल्या आहेत. म्हणजे अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी एका पिढीच्या अवधीत मराठी घरात मराठी शब्दांनी शिरल्या. आता त्या वयस्कर, निरक्षर माणसापर्यंत, स्वयंपाकघरातल्या बाईपर्यंत आणि खेळणाऱ्या पोरापर्यंत न्यायच्या कशा, हा प्रश्न होता. मराठी मुलखात अशा कामाला एक जुनं, पारखलेलं साधन हाताशी होतं.

१८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्रायल मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतलं ठळक नाव. आडनावातलं अष्टमी म्हणजे रोह्याला लागून असलेलं गाव. त्यांनी अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं चरित्र नारदीय कीर्तनाच्या घाटात बसवलं. साकी, दिंडी, आर्या, ओवी, अंजनीगीत, मध्ये गद्य निरूपण, हार्मोनियम, तबला, टाळ, आणि श्रोत्यांना बरोबर घेऊन म्हणायची पदं. आपली कथा शेजाऱ्याच्या कीर्तनात सांगण्याची कल्पना अगदीच एकट्याची नव्हती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णरत्न सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन त्याआधीच उभं केलं होतं आणि पुढे नारायण वामन टिळकांनी ते फुलवलं. मिशनऱ्यांचं कीर्तन ऐकायला आपली माणसं जातात, तर आपणच आपलं कीर्तन का करू नये, असा विचार बेने इस्रायल मंडळींच्या मनात आला असणं अगदी स्वाभाविक वाटतं. पण अनुकरण म्हणून ही गोष्ट मिटवता येत नाही. सिनेगॉगमध्ये शब्बाथाला वाद्य वाजत नाही. यरुशलेमचं मंदिर सन ७० मध्ये पडलं तेव्हापासून प्रार्थनेतलं वाद्य शोक म्हणून बंद झालं. कीर्तन मात्र सिनेगॉगच्या बाहेर, घरात, मांडवात, शनिवार मावळल्यावर करता येत होतं. धर्माने जी जागा मोकळी ठेवली होती तीत मराठी वाद्यं शिरली, आणि ज्या जागेवर बंधन होतं ती तशीच राहिली. इतकी काटेकोर समज असलेल्या माणसांना नुसते नक्कल करणारे म्हणता येणार नाही.

ज्यू परंपरेत या उद्योगाला फार जुना आधार आहे, आणि तो नेमका आपल्या पद-वाङ्मयासारखाच दिसतो. सोळाव्या शतकात सफेद, दमास्कस आणि गाझा या भागांत वावरलेला इस्रायल नजारा हा रब्बी-कवी तुर्की आणि अरबी गाण्यांच्या चालीवर हिब्रू स्तोत्रं रचत असे. १५८७ मध्ये सफेदला छापलेल्या त्याच्या संग्रहात स्तोत्राच्या डोक्यावर मूळ गाण्याची ओळख दिलेली असे, म्हणजे गाणाऱ्याला चाल कळावी. संगीत नाटकांच्या जुन्या प्रती किंवा कीर्तनाची पुस्तकं उघडून पाहिलीत, तर पदावर ‘चाल’ म्हणून एखाद्या लावणीचं किंवा दुसऱ्या पदाचं नाव अगदी याच रीतीने छापलेलं दिसतं. नजारावर त्याच्या काळातही टीका झाली. हायिम वितालसारख्या धर्मपंडिताला त्याचं वागणं आणि त्याची गाणी खटकली. कॉफीखान्यात ऐकलेली प्रेमगीताची चाल देवाच्या स्तुतीला चालते का, हा वाद तेव्हाचाच आहे. निकाल लोकांनी दिला. नजाराचं शब्बाथाच्या जेवणातलं गाणं आज जगभरच्या ज्यू घरांत म्हटलं जातं. बेने इस्रायलांच्या लग्नात नवरी सिनेगॉगमध्ये येताना नवरदेव ‘योनाती झिव’ हे हिब्रू गाणं म्हणतो. तेही नजाराच्याच नावावर सांगितलं जातं. पूर्व युरोपात हसिदी पंथाने तर याहून पुढची मजल मारली. गुराख्यांची गाणी, सैन्याची कवायती धून, काहीही घ्यावं आणि त्यात अडकलेला पवित्र अंश सोडवावा असं त्यांचं म्हणणं होतं. हबाद शाखेत नेपोलियनच्या फौजेची म्हणून सांगितली जाणारी धून योम किप्पुरसारख्या सर्वांत गंभीर दिवशी गायली जाते. ‘हवा नगिला’ हे सर्वांना ठाऊक असलेलं ज्यू गाणं घ्या. त्याची चाल हसिदी मंडळींची, बिनशब्दांची. हिब्रू शब्द तिला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले, ते अब्राहाम त्झ्वी इडेलसन या संशोधकाच्या हातून. कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद हे तिचं स्वरमंडळ. आपल्याकडे याच स्वरांत बसंत मुखारी गातात. झॉर्नच्या ‘मसादा’चा रंगही बऱ्याच अंशी याच स्वरांवर चढला आहे.

मग बेने इस्रायलांच्या कीर्तनात ज्यू ते काय उरलं, असा आक्षेप येतोच. चाल मराठी, वाद्यं मराठी, भाषा मराठी, बैठक मराठी; मग याला ज्यू संगीत म्हणायचं ते केवळ गाणारा ज्यू आहे म्हणून का? आक्षेप हलका नाही. त्याचं उत्तर महाडच्याच इतिहासातून चांगलं समजतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि पुढच्या काळात, १९३० च्या दशकापासून, भीमराव कर्डक आणि इतर शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. जलशाचा सांगाडा तमाशाचा होता. गण होता, पण गणपतीचं स्तवन गेलं. गौळणीची जागा बदलली. वगात राजा-राणीऐवजी पाणवठा, शाळा आणि सावकार आले. तो सांगाडा पाहून कोणी म्हणेल का, की आंबेडकरी जलशात आंबेडकरी असं काही नाही? कला ज्या जागी आपला देव, आपला नायक आणि आपला प्रश्न ठेवते, तिथे तिची ओळख ठरते. बेने इस्रायलांच्या कीर्तनात समोर मूर्ती नाही, आरंभीचं नमन एका निराकार देवाला आहे, आख्यान तोराह या ज्यू धर्मग्रंथातलं आहे. नारदीय कीर्तनात भक्त आणि देव यांचं नातं सगुण रूपाभोवती फिरतं. दर्शन, रूपवर्णन, चरणस्पर्श यांनीच पदं भरलेली असतात. रूपवर्णन वर्ज्य असलेल्या धर्माने हा प्रकार स्वीकारला तेव्हा पदांना दुसरा विषय द्यावा लागला. मग अब्राहामाची परीक्षा, योसेफाला भावांनी विकणं, मोशेची वाळवंटातली वणवण, अशा प्रसंगांच्या वर्णनावर सगळा भार आला. हा बदल आतून झालेला आहे, आणि तो फक्त ज्यू माणसालाच करावासा वाटला असता.

दुसरा आक्षेप असा, की कीर्तनाची तुलना रॉक आणि जॅझशी करणं म्हणजे ओढाताण आहे. कीर्तन हे जुनं, भक्तीचं. रॉक हे तरुण, शहरी, बाजारातलं. इथे काळ नीट पाहायला हवा. किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आलं ते ३१ ऑक्टोबर १८८० ला, म्हणजे बेने इस्रायल कीर्तन उभं राहत होतं त्याच सुमारास. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नाट्यपदाने महाराष्ट्राला जे वेड लावलं त्याला तोड नाही. त्या पदांत कर्नाटकी चाली होत्या, लावणी होती, हिंदुस्थानी राग होते, पारशी रंगभूमीचा बाज होता. हार्मोनियम तर त्या काळी नुकताच आलेला युरोपी पाहुणा. त्याच्याबद्दलचा संशय इतका टिकला की १९४० पासून पुढे तीस वर्षं आकाशवाणीवर त्याला बंदी होती. मुंबईच्या गिरणगावाच्या काळातलं कीर्तनही या नव्या पदांना दूर ठेवू शकलं नाही, आणि बेने इस्रायल कीर्तनकारांनी तर लोकप्रिय चाली आनंदाने घेतल्या. कोकणातून मुंबईत आलेल्या ज्यू कारकुनाला, परिचारिकेला, सुताराला ही पदं रस्त्यावर ऐकू येत होती. म्हणजे एका अल्पसंख्य समाजाने आपला प्राचीन ग्रंथ आपल्या शहरातल्या अगदी ताज्या, परकी वाद्य मिरवणाऱ्या, लोकांना नादावणाऱ्या संगीतात गायला. न्यूयॉर्कच्या ज्यू पोराने इलेक्ट्रिक गिटारवर सनातन स्तोत्र वाजवणं यापेक्षा वेगळं कशात आहे, ते आक्षेप घेणाऱ्याने दाखवावं.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत ते वसले. तिथे त्यांना जे सोसावं लागलं त्याची जाणीव ठेवल्याखेरीज पुढचं संगीत कळत नाही. रब्बींच्या वरिष्ठ मंडळाने त्यांच्या वंशाबद्दल शंका काढली, विवाहांना अडचणी आल्या, यरुशलेममध्ये धरणं धरावं लागलं. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. मोरोक्को, येमेन, इराककडून आलेल्यांचे हालही निराळे नव्हते. रेडिओवर युरोपी वळणाची गाणी वाजत, आणि पूर्वेकडच्यांची गाणी तेल अवीवच्या बसस्थानकाजवळ कॅसेटवर विकली जात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राबातचा श्लोमो बार, अमेरिकेतून आलेला मिगेल हर्श्टाइन, इस्राएल बोरोखोव्ह आणि भारतातून गेलेले सॅमसन केहीमकर यांनी ‘हब्रेरा हातिवित’ नावाचा संच काढला. बारची तालवाद्यं आणि कंठ, हर्श्टाइनची गिटार आणि बँजो, बोरोखोव्हचा बास, केहीमकरांची सतार आणि व्हायोलिन. १९७९ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत अ‍ॅटलास डोंगरातल्या तोद्रा खेड्याविषयीचं एक गाणं आहे. मूल पाच वर्षांचं झालं की त्याला मधाने लिहिलेली अक्षरं चाटायला देतात, त्या प्रथेचं. पूर्वेकडच्या ज्यूंचं जगणं इस्रायली व्यासपीठावर ताठ मानेने आलं, त्याच्या आरंभीच्या क्षणांत हा संच मोजला जातो. अलिबाग तालुक्यातल्या केहीमचं नाव आडनावात वागवणारा माणूस त्या चौघांत होता, ही गोष्ट आपल्याकडच्या संगीतप्रेमींना ठाऊक असायला हवी. जागतिक संगीताच्या इतिहासात रायगडचं ते एक मानाचं पान आहे.

पण याच संचाकडे पाहताना तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. असं संगीत दुकानात विकण्यासाठी वेगवेगळ्या देशांचे आवाज एकत्र करतं, प्रत्येक आवाजाचा मूळ अर्थ झिजतो आणि ‘पूर्वेचा सुगंध’ तेवढा उरतो, असं टीकाकार म्हणतात. याला नुसतं नाकारून चालत नाही. तोद्राच्या गाण्याजवळ सतार वाजते तेव्हा मोरोक्कन श्रोत्याला शब्द कळतात, सतार कळत नाही. रामलातल्या मराठी ज्यू बाईला सतार ओळखीची वाटते, पण ती तिच्या आजीच्या गावातलं वाद्य नव्हे. कोकणातल्या बेने इस्रायल घरात टाळ होता, पेटी होती, ढोलकी होती; सतार नव्हती. म्हणजे केहीमकरांच्या हातात इस्रायलच्या व्यासपीठाने जे वाद्य पाहिलं ते भारताचं प्रतिनिधी होतं, कुलाब्याचं, म्हणजे आजच्या रायगडचं, नव्हे. येमेनी कुटुंबातल्या ओफ्रा हाझाची कथा याहून ठळक आहे. १९८४ मध्ये तिने शालोम शबाझी या सतराव्या शतकातल्या येमेनी ज्यू कवीच्या रचना गायल्या. येमेनमध्ये ज्यू बायका पत्र्याच्या डब्यावर आणि तांब्याच्या परातीवर ताल धरत, तोच ताल त्यात होता. पुढे ‘इम निनआलू’च्या नृत्यगृहांसाठी केलेल्या आवृत्तीवर १९८८ मध्ये अर्धा युरोप नाचला, आणि देवाच्या दारांबद्दलचं ते स्तोत्र आहे हे नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. तिच्या आईच्या वस्तीतल्या माणसांना मात्र ते ओळखीचं होतं. गाणं एकच, श्रोते दोन. एका श्रोत्यासमोर ते मिश्रण मुरलेलं होतं, दुसऱ्यासमोर वरवरचं.

म्हणून मिश्रणाची परीक्षा वाद्यांच्या यादीवरून करता येत नाही. दोन्ही बाजू जाणणारा श्रोता समोर बसला आहे का, हे पाहावं लागतं. अष्टमकरांच्या पिढीसमोर तो होता. योसेफाची गोष्ट आणि साकीची चाल, दोन्ही ज्याच्या अंगवळणी आहेत असा माणूस. चालीत कुठे ओढ दिली, कथेत कुठे मोड घातली हे त्याला तत्काळ कळे, चुकलं तर तो बोलून दाखवी. नजारासमोर तुर्की गाणी ओठांवर असलेले हिब्रू वाचक होते. न्यूयॉर्कमध्ये बेनी गुडमनच्या १९३० च्या दशकातल्या जॅझ वृंदात झिगी एल्मनने ज्यू लग्नातली धून ट्रम्पेटवर घेतली, तेव्हा सभागृहात दोन्ही कानांची माणसं होती. झॉर्नचे श्रोतेही बरेचसे असेच आहेत. जॅझ ऐकत वाढलेले आणि आजोबांच्या घरची प्रार्थना अर्धवट आठवणारे. ज्या ठिकाणी असा श्रोता नाही, तिथे उत्तम वादकही एक सुंदर, पण कोणाला जाब न देणारी गोष्ट करतो. टीकाकारांचा राग बाजारावर असतो. मला दोष एकाकीपणात दिसतो. बाजार तर नाटक कंपन्यांच्या काळातही जोरात होता, तिकिटं विकली जात होती, आणि तरी बालगंधर्वांच्या प्रेक्षकाने पदाची एक जागाही सैल पडू दिली नाही.

याच कसोटीने पाहिलं तर मराठी ज्यू कीर्तन का ओसरलं, याचं कारणही स्वच्छ दिसतं. ते शेजाऱ्याच्या चालीवर उभं होतं म्हणून पडलं असं काही जण म्हणतात. मुळात आपलं नसलेलं कसं टिकणार, असा त्यांचा सूर असतो. घडलं ते उलट. चाल इथेच राहिली आणि कथा जाणणारे निघून गेले. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात बेने इस्रायल सुमारे वीस हजार होते. आज काही हजारच उरले आहेत. इस्रायलमध्ये मुलं हिब्रूत शिकली, मराठी आजी-आजोबांशी बोलण्यापुरती उरली. पुरुष कीर्तनकार कमी झाले तशा बायका पुढे आल्या. त्यांनी वह्यांत पदं उतरवून ठेवली, मलिदा या घरगुती विधीच्या आणि लग्नाच्या प्रसंगी गायली, मंडळांतून नव्याने बसवली. अमेरिकेच्या संगीतअभ्यासक अ‍ॅना शुल्ट्झ यांनी आधी महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय कीर्तनावर काम केलं आणि मग याच बायकांच्या मराठी गाण्यांकडे वळल्या, हा क्रम अर्थपूर्ण आहे. नारदीय कीर्तन ठाऊक नसतं, तर त्या वह्यांतली अर्धी खूण त्यांना वाचताच आली नसती. इस्रायलमध्ये निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाने लिहिता-वाचता मराठी ज्यू समाज काही काळ धरून ठेवला. पण नियतकालिक वाचणारा आणि साकीवर डोलणारा श्रोता यांत अंतर असतं.

लोदला जन्मलेल्या लिओरा इत्झाक यांनी या अंतरावर एक उत्तर काढलं. बेने इस्रायल कुटुंबातली ही मुलगी किशोरवयात पुण्याला येऊन हिंदुस्थानी संगीत शिकली, हिंदी चित्रपटात गायली, परत जाऊन हिब्रू आणि हिंदी एकत्र गाऊ लागली. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान तेल अवीवला गेले तेव्हा दोन्ही देशांची राष्ट्रगीतं तिनेच गायली. तिचा गळा तयारीचा आहे, आणि तिच्यासमोर दोन्ही बाजू जाणणारा श्रोताही आहे, कारण दिमोना-लोदच्या भारतीय ज्यू घरांत हिंदी चित्रपटाची गाणी आजही जिवंत आहेत. माझ्या मताने ती खऱ्या अर्थाने आजची ज्यू कलावंत आहे. तरीही एक रुखरुख राहते. हिंदी चित्रपटगीताने त्या समाजाला भारताशी बांधून ठेवलं, पण कुलाब्याशी नाही. लताबाईंचा आवाज दिमोनात पोहोचला; अंजनीगीत पोहोचलं नाही. इलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा आजही इस्रायलमधल्या घरांत होतो, आणि त्या ताटाभोवती जी मराठी पदं म्हटली जात, त्यांची जागा हळूहळू हिब्रू गाणी घेत आहेत. ज्यांचा देव निराकार आहे त्यांना मूळ पदांत कोकणाचा जो आकार सापडला होता, तो हिंदीतून परत मिळणार नाही.

इथे महाराष्ट्राच्या हाती काही काम आहे आणि ते फार अवघड नाही. बेने इस्रायलांची आख्यानं मराठीत छापली गेली, पदांवर जाती आणि चाली लिहिल्या गेल्या. यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात बेने इस्रायलांची गाणी जतन केलेली आहेत. दादरच्या अखिल भारतीय कीर्तन संस्थेत शिकलेल्या किंवा महाड-पोलादपूरकडच्या सप्ताहात उभ्या राहणाऱ्या कीर्तनकाराला डोक्यावर ‘साकी’ असं लिहिलेलं पद दिलं, तर त्याला ती कशी गायची हे विचारावं लागणार नाही. योसेफ कोण, हे मात्र सांगावं लागेल. दिमोनातल्या गिटार वाजवणाऱ्या तरुणाला योसेफ कोण हे सांगावं लागणार नाही. साकी मात्र शिकवावी लागेल. आपल्या संगीतसंस्था विदेशी कलावंतांना बोलावतात तेव्हा सतार-गिटारची जुगलबंदी ठरवतात. त्याऐवजी या कीर्तनकाराला आणि त्या तरुणाला एक छापील आख्यान द्यावं आणि पंधरा दिवस एकत्र बसवावं. पहिला प्रयोग अलिबागला व्हावा, दुसरा महाडला. कारण महाडच्या श्रोत्याला अब्राहाम नवा असला, तरी दिंडी कुठे चुकली हे तो पहिल्याच ओळीला सांगेल.